दिव्यदृष्टी : नवशिक्यांसाठी

दिव्यदृष्टी मिळवायला हिमालयात जायची गरज नाही. गल्लीतली एक खोली, उदबत्ती आणि समोरच्याला बोलतं करायची हातोटी एवढ्यावर भागतं.

सुरुवात हुकमी वाक्यांनी करा. ‘तुम्ही सगळ्यांचं करता, पण केल्याचं चीज होत नाही.’ यावर ‘छे हो, माझं फार चीज होतं’ म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय. मग ‘पैसा येतो, पण टिकत नाही.’ मग डोळे मिटून, ‘सु... सुवरून कुणीतरी दिसतंय.’ सुमन, सुनीता, सुरेखा, सुधाकर, सुरेश. मराठी घरात एखादा सु निघतोच. समोरच्या बाईच ओरडतील, ‘अगंबाई, सुमनमावशी! गेल्या वर्षी गेली.’ तुम्ही गंभीरपणे म्हणायचं, ‘तीच. तिचा जीव तुमच्यात अडकलाय.’ घरी जाऊन त्या सांगतील, महाराजांनी मावशीचं नाव घेतलं! त्या खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं आठवतं. सु निघालाच नाही, तर ‘माहेरकडचं आठवून बघा’ म्हणा आणि पुढे सरका.

भक्तांपासून धोका नाही. धोका आहे तो आधीच अटी ठरवून, कागदावर सही मागणाऱ्यांपासून. 1973 मध्ये चमचे वाकवणारा युरी गेलर अमेरिकेत जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात गेला. कार्सन एकेकाळी स्वतः जादूचे प्रयोग करायचा. त्याने जादूगार जेम्स रँडीचा सल्ला घेतला, वस्तू आपल्याच ठेवल्या आणि गेलरच्या माणसांना त्यांच्या आसपास फिरकू दिलं नाही. वीसेक मिनिटं काहीही घडलं नाही. आज जोर वाटत नाही, असं गेलरने सांगितलं. हा बहाणा पाठ करा. गेलरचं त्यानंतरही उत्तम चाललं.

मोजदाद होते तिथे तर जाऊच नका. 2008 मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर प्रभृतींनी ज्योतिषांना प्रत्येकी 40 कुंडल्या पाठवल्या. कुठली हुशार मुलाची आणि कुठली मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं होतं. उत्तरं पाठवणाऱ्या 27 जणांची सरासरी 46 टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी 50 आली असती! कुंडल्या मागवून घेऊन पुढे गप्प बसले ते खरे द्रष्टे.

गिऱ्हाईक पारखून घ्या. त्याच वर्षी एका मांत्रिकाने टीव्हीवर बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकु यांना मंत्राने मारायचा विडा उचलला. मंत्र झाले, पाणी शिंपडून झालं, सुरी परजून झाली; सनल आपले हसतायत. शेवटी मांत्रिक म्हणाला, यांच्या पाठीशी कुठलं तरी जबर दैवत आहे. सनल म्हणाले, मी नास्तिक आहे.

महाराष्ट्रात दुकान थाटणार असाल तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा नजरेखालून घाला. चमत्काराच्या नावाखाली फसवलंत तर सहा महिने ते सात वर्षं. स्वतःच्या भविष्यात एवढं तरी दिसायला हवं.

आणि समजा पकडले गेलात, तरी धीर सोडू नका. पीटर पॉपॉफ हा अमेरिकन धर्मोपदेशक सभेतल्या अनोळखी लोकांचे आजार आणि पत्ते धडाधड सांगायचा. 1986 मध्ये रँडीच्या चमूने रेडिओवर पकडलं, तर त्याच्या कानात बायको बोलत होती, लोकांनीच भरून दिलेली कार्डं वाचून. ध्वनिफीत टीव्हीवर वाजली, पुढच्याच वर्षी दिवाळं निघालं. काही वर्षांनी तो टीव्हीवर परतला आणि चमत्कारी पाणी टपालाने पाठवू लागला. तेव्हा भक्तांच्या पत्त्यांची वही तेवढी जपून ठेवा.