कोलनच्या अलीकडचे आणि पलीकडचे

लिलिपाँडमध्ये माउसने स्वर ओढून ओळीवर बसवता येत नाहीत. जे हवे ते टंकून सांगावे लागते. दोघा डच गृहस्थांनी १९९६ मध्ये सुरू केलेले हे स्वरलिपी छापण्याचे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये झालेल्या नंदुरबार जिल्ह्यापेक्षा वयाने मोठे आहे, आणि तसेच वागते.

कॉर्ड ‘कॉर्डमोड’ या शब्दापुढच्या महिरपी कंसात लिहायचे, तेही रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत. लग्नसराईतल्या बँडच्या कीबोर्डवाल्याला गायकाने ‘काळी पाच’ म्हटले की पुरते. लिलिपाँडला पुरत नाही. काळी पाच म्हणजे ए शार्प की बी फ्लॅट? पहिल्याला ‘आइस’ लिहा, दुसऱ्याला ‘बेस’. पट्टी एकच, सूर एकच, तरी कागदावर नावे वेगळी उमटतात.

खरा कारभार कोलनभोवती चालतो. स्वराला चिकटलेला आकडा काळाचा, कोलनपलीकडचा कॉर्डचा. ‘सी२:एम’ म्हणजे दोन मात्रांचा सी मायनर. पांढरी एकला सा मानले तर सा, कोमल ग आणि प. गिटारवाल्यांच्या सवयीने ‘सी७’ लिहिले, तर सात हा काळच नव्हे, असा शेरा मिळतो. त्यापेक्षा ‘सी२’ लिहिणाऱ्याचे हाल जास्त. त्याला हवा असतो रिषभ घातलेला कॉर्ड. मिळतो दोन मात्रांचा साधा सी, आणि तक्रारीचा चकार शब्द नाही.

‘सी:७’ने कोमल निषाद येतो. शुद्ध निषादासाठी ‘सी:मेज७’ असा वेगळा अर्ज करावा लागतो. तो मंजूर झाल्याची खूण म्हणून कागदावर त्रिकोण उमटतो. ‘सी:१३’ मागितला तर अकरावा स्वर, म्हणजे शुद्ध मध्यम, आपोआप गाळला जातो, कारण तो तेराव्याशेजारी कानाला खुपतो. एवढ्या रुक्ष कारभारात रसिकतेचा पुरावा बहुधा हाच.

तिरप्या रेघेने खालचा स्वर बदलतो. ‘सी/जी’मध्ये कॉर्ड सीचाच, बैठक जीवर, नवापूर स्टेशनवरच्या बाकाचे एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरे गुजरातेत, तरी बाक एकच, तसे. जी मुळात त्या कॉर्डातलाच. एफसारखा बाहेरचा स्वर खाली बसवायलाही हीच रेघ पुरते: ‘सी/एफ’. रेघेपुढे अधिकचिन्ह लागते ते कॉर्डातलाच स्वर जागचा न हलवता खाली आणखी एकदा हवा असेल तेव्हा: ‘सी/+जी’.

कीबोर्ड थांबवायचा असेल तिथे ‘आर’ लिहितात. कॉर्डच्या ओळीत ‘एन. सी.’ छापून येते, म्हणजे इथे कॉर्ड नाही. तेवढीही पाटी नको असेल तर ‘एस’ लिहावा.