भाऊसाहेबांची तर्जनी

कुंडी दिसली की तीत बोट खुपसणारा मनुष्य आपल्या पाहण्यात नाही, असे म्हणणारा वाचक मला अद्याप भेटावयाचा आहे. आमच्या मजल्यावरचे भाऊसाहेब त्या जातीचे शिरोमणी. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविल्यानंतर त्यांनी तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात फिलोडेंड्रॉनची अशी काही जमाबंदी मांडली आहे की, पाहुण्यास टेकावयास जागा म्हणून उरलेली नाही. परवा आमच्या दिवाणखान्यात शिरताच, माझ्या ‘या, बसा’कडे साफ दुर्लक्ष करून त्यांनी खिडकीतल्या कुंडीत तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत रोवली, डोळे मिटले, आणि ‘ओल आहे, पाणी तहकूब!’ असा हुकूम सोडून आमच्या कामवाल्या बाईंची जबानी घ्यावयास सुरुवात केली.

फिलोडेंड्रॉन तहानेने क्वचित मरते, लाडाने हटकून मरते. वरची बोटभर माती सुकल्यावाचून पाणी घातले की मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात, आणि धनी ‘सुकलं हो बिचारं’ म्हणत त्यावर आणखी एक तांब्या ओततो, हा त्यांचा सिद्धांत. तो खराही आहे, हेच त्यातले असह्य. एका लग्नात वधूपित्याशी बोलता बोलता ही तर्जनी मांडवातल्या शोभेच्या कुंडीत शिरली ती थर्माकोलात अडकली, झाड कापडी निघाले, आणि वधूवरांवर अक्षता डाव्या हाताने पडल्या. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर तेच बोट टेकविले, तर कचेरीच्या दारातल्या कुंडीची माती त्यास चिकटलेली असल्यामुळे यंत्राने भाऊसाहेब हयात असल्याचे मान्य केले नाही. कारकून बोट पुसण्यास फडके देत होता. हे त्याला कुंडीखालच्या बशीतले पाणी दाखवीत होते.

आमच्या त्या कुंडीत मनीप्लँट आहे. त्यास कोणी फिलोडेंड्रॉन म्हटले, तर पानिपतानंतर उपटलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचीही झाली नसेल इतकी कसून चौकशी सुरू होते : मनीप्लँटचे नवे पान जुन्या पानाच्या देठातून उलगडते, फिलोडेंड्रॉनचे मात्र स्वतंत्र, पातळ आवरणातून, ते आवरण पुढे सुकून गळते, आणि गळलेली अशी आवरणे पुरावा म्हणून भाऊसाहेबांच्या खिशात सदैव हजर असतात. व्हिएन्नाच्या शॉटसाहेबाने १८२९ साली या कुळास नाव दिले, ती त्यांच्या लेखी मूळ नोंद. २०१८ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी सेलोमचे खाते त्यातून फोडून थॉमेटोफायलम या कुळात दाखल केले, तेव्हा ‘हितसंबंधितांस नोटीस न काढता फेरफार मंजूर झालाच कसा?’ म्हणून ते कित्येक दिवस धुमसत होते. पंगतीत अळूचे फदफदे वाढले जाताना, अळू, सुरण आणि फिलोडेंड्रॉन हे सारे एकाच घराण्यातले, घशाला खाज आणणारे भाऊबंद होत, ही वंशावळ त्यांनी खड्या आवाजात सांगितल्यापासून आमच्याकडे श्राद्धाचे आमंत्रण त्यांना बेताबेतानेच जाते.

वहिनींना हल्ली विसर पडतो. घातलेले पाणी त्यांच्या ध्यानात राहत नाही. तांब्या घेऊन त्या सकाळपासून खोल्याखोल्यांतून हिंडतात, आणि ‘आज कुणी यांच्याकडे बघितलंच नाही’ असे म्हणत तीच कुंडी पुनःपुन्हा भिजवितात. वाटीभर पाण्यासाठी परक्यांच्या घरी जबान्या घेणाऱ्या या गृहस्थाने त्यांना मात्र एका शब्दाने हटकल्याचे मला ठाऊक नाही. दुपारी त्या निजल्या असता त्याने एकेक कुंडी उपसली, माती काढून टाकली आणि तिच्या जागी नारळाच्या सोडणांचे तुकडे, सालींचा भरड चुरा आणि कोळशाचे खडे असे मिश्रण भरले. हेतू हा की, कितीही तांबे रिते झाले तरी पाणी मुळांशी न साठता तळाच्या भोकांवाटे बशीत उतरावे. बशा तेवढ्या तो गुपचूप ओतून येतो. पाण्याच्या रोजकीर्दीत झाडागणिक तारखा आहेत. वहिनींच्या तांब्याची नोंद एकाही पानावर नाही. ‘मिश्रण का बदललंत?’ असे मी विचारले, तर ‘मुळांना हवा लागते हो,’ एवढेच उत्तर मिळाले.

अडचण एवढीच की, असल्या भरड मिश्रणात बोटाला ओलीचा अदमास लागत नाही. कुंडी उचलून वजनावरून तजवीज करावी लागते. स्वगृही अशी बेकार झालेली ती तर्जनी मग जिना उतरून उभ्या इमारतीच्या कुंड्यांतून मोकाट फिरते. तिचा बंदोबस्त व्हावा म्हणून गृहसंस्थेच्या चिटणिसांनी अर्ज तयार केला आहे. तो वाचून मी मजकुरात दोन शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या सुचविल्या. सही अद्याप व्हावयाची आहे.