काला अंबी करावयाचे नाताळव्रत

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक व्याधी जडते. लक्षणे अशी. सोसायटीच्या गेटापाशी प्लॅस्टिकचे झाड उभे राहते. गृहस्थ त्याच्याकडे बघतो आणि बघितले नाही असे दाखवतो. मुलीच्या शाळेतून लाल टोपी पाठवण्याची सूचना येते. टोपी सिग्नलवर घेतली जाते, दोन ठिकाणी भाव केला जातो आणि 'कशाला हवंय हे सगळं' एवढे म्हणून ती दप्तरात भरली जाते. त्याच संध्याकाळी पुण्याहून आत्याचा फोन येतो. "तुमच्याकडे म्हणे नाताळ करतात?" "छे गं आत्या," असे म्हणताना गृहस्थाच्या तोंडात मनुकांचा केक असतो.

या व्याधीवर दोन उपाय प्रचलित आहेत आणि दोन्ही कुचकामी आहेत. पहिला, धीटपणे साजरा करणे. यात कॅनॉट प्लेसला वेंगर्ससमोर रांग लावणे, तिथून गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलकडे जाणे आणि गर्दीमुळे फाटकाबाहेरूनच फोटो काढून परतणे, एवढे विधी येतात. मन काही निवत नाही. दुसरा उपाय तारीख भरून टाकण्याचा. 25 डिसेंबरला तुळशीपूजन करावे, किंवा 2014 पासून हा सुशासन दिन आहे हे केक खाताना मोठ्याने सांगावे. अलीकडे काही जण महाडचेही नाव घेतात. ते खरे आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृती जाळली गेली. पण केवळ केक टाळण्यासाठी महाडचा आधार घेणाऱ्याने तिथे नेमके काय जाळले आणि का, हे आधी वाचावे. मग त्याला केकच बरा वाटण्याचा संभव आहे.

तिसरा उपाय येथे प्रथमच देत आहोत. 25 तारखेला सहकुटुंब पानिपतजवळ रणभूमीवरच्या काला अंबला जावे आणि संमिश्र भावना जिथे पूर्वीपासून मुक्कामाला आहेत तिथेच नाताळ साजरा करावा.

मुहूर्ताबद्दल काटेकोर राहावे. बहुतेक मराठी माणसे काला अंबला 14 जानेवारीला जातात. त्या दिवशी तिथे शौर्य दिन असतो, भगवे झेंडे असतात, महाराष्ट्रातून बस आलेल्या असतात, स्वतःला पानिपतानंतर इकडेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानणारे हरियाणातले रोड बांधव असतात आणि ध्वनिक्षेपक असतो. भावना संमिश्र होण्याआधीच भाषण सुरू होते. शिवाय कोणीतरी हमखास सांगते की ऐन संक्रांतीला पानिपत झाले. तसे झालेले नाही. संक्रांत इंग्रजी तारखांतून साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद 1863 च्या संक्रांतीला जन्मले, ती 12 जानेवारीला होती. त्याच्याही शंभर वर्षे आधी, 1761 साली, लढाईच्या तीन-चार दिवस अगोदरच संक्रांत होऊन गेलेली होती. हे त्या गर्दीत सांगू नये. 25 डिसेंबरला गर्दी नसते, त्यामुळे सांगता येते, पण ऐकायला कोणी नसते.

साहित्य पुढीलप्रमाणे. एक केक, अंड्याचा की बिनअंड्याचा हा वाद आदल्या रात्रीच मिटवून घ्यावा, महामार्गावर काढू नये. मफलर माणशी एक. लाल टोपी, शाळेतून परत आलेली असल्यास. आणि विश्वास पाटलांची 'पानिपत' वाचलेला एक तरी वडीलधारा. ही कादंबरी 1988 पासून बाजारात आहे, त्यामुळे असा माणूस नसलेले मराठी घर मिळणे अवघड. आजी असल्यास उत्तम, कारण तिला सदाशिवरावांच्या नावाआधी हुंदका येतो आणि विश्वासरावांच्या नावानंतर.

दिल्लीहून पानिपत नव्वदेक किलोमीटर. धुक्यामुळे वेळ लागेल, तो लागू द्यावा. मुरथळला पराठ्यावर लोण्याचा गोळा येईल. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याची उपासमार चालू असलेल्या महिन्यात आपण हे खात आहोत याची टोचणी इथे प्रथम लागते. ती लागली की व्रत सुरू झाले असे समजावे. दुसरा पराठा मागवण्यास हरकत नाही.

पानिपत शहरात शिरल्यावर काला अंबकडे वळण्यापूर्वी थोडे थांबावे. अमेरिका-युरोपातून टाकून दिलेल्या कपड्यांच्या गासड्या जहाजाने गुजरातच्या बंदरांत आणि तिथून या गावात येतात. इथे त्यांची बटणे नि चेन कापून काढतात, रंगवारी ढीग लावतात, यंत्रात पिंजतात, त्याचे सूत कातून घोंगड्या विणतात. रंगवारी ढीग अशासाठी की सूत पुन्हा रंगवावे लागू नये. लाल ढिगात हरणांची चित्रे विणलेले, नाताळपुरते घातलेले स्वेटरही असतात. पानिपत आपलेच झाले अशी समजूत असलेल्यांनी हा ढीग पाहावा. अमेरिका-युरोपवाल्यांच्या सणाचेही पानिपत इथेच होते आणि त्यातून निघालेली स्वस्त घोंगडी आपत्तीच्या वेळी मदत म्हणून वाटली जाते.

आता स्थळ. शहराबाहेर, कुंपणाच्या आत, विटांचा एक स्तंभ. आंब्याचे झाड इथे होते, रक्ताने त्याची पाने काळी पडली, फळ कापले तर लाल रस येई, असे सांगतात. झाड केव्हाच वाळून गेले आणि त्याच्या लाकडाचे दरवाजे करून घेतले गेले. नाताळाला झाड लागते ही मुलांची अट असते. त्यांना सांगावे की आपल्या घरी झाड आहे पण ते खोटे, आणि इथले झाड खरे पण ते नाही. मुले हे चटकन स्वीकारतात. मोठ्यांना वेळ लागतो.

व्रत म्हटले की कहाणी आली, आणि या व्रताची कहाणी घंटेची आहे. ती स्तंभाजवळ उभे राहून, मफलर तोंडावरून खाली करून सांगावी.

सदाशिवरावभाऊंचे वडील चिमाजीअप्पा. त्यांनी 1739 च्या मे महिन्यात पोर्तुगिजांकडून वसई घेतली. भाऊ तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते. विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चांच्या घंटा हत्तीवर घालून आणल्या गेल्या आणि महाराष्ट्रातल्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर 1721 साल कोरलेले आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, ती 1707 ची. म्हणजे या घंटा आधी बऱ्याच नाताळांना मध्यरात्री वाजल्या आणि नंतर अडीचशेहून अधिक वर्षे आरतीला वाजत आहेत. आत्या भीमाशंकरला जाऊन आली असेल तर तिने ती वाजवली असण्याचा दाट संभव आहे. हे तिला लगेच फोन करून सांगू नये. योग्य वेळेसाठी राखून ठेवावे.

आता ऐकणाऱ्याने कान टवकारावेत. नाशिकचा हा नारोशंकर कोण? भाऊंनी 1760 साली दिल्ली घेतली आणि पुढे उत्तरेकडे निघताना तिच्या रक्षणासाठी मागे ठेवला, तो हा सरदार. पानिपतावर तोफा धडाडत होत्या तेव्हा चर्चची घंटा आपल्या देवळात बाळगणारा हा गृहस्थ दिल्लीच्या किल्ल्यात बसलेला होता. पराभवाची बातमी आली तसा त्यालाही दिल्ली सोडावी लागली. म्हणजे एनसीआरमध्ये बदलीवर आलेला, नाताळाशी दूरचा संबंध असलेला आणि जानेवारीत परत गेलेला पहिला ठळक मराठी माणूस म्हणून त्याचेच नाव घ्यावे लागेल. मेणवली नाना फडणवीसांची. नाना तेव्हा अठरा वर्षांचे, आई आणि बायकोला तीर्थयात्रा घडवायला सैन्याबरोबर निघाले आणि पानिपतात सापडले. ते वाचले, आई गेली. पुढे अर्धे आयुष्य राज्य सांभाळले आणि मेणवलीला वाडा बांधला, घाट बांधला. त्या घाटावर घंटा आहे. घंटा परकी म्हणून कोणी उतरवली नाही, आणि ती आमचीच असे भासवण्यासाठी तिच्यावरचे साल कोणी घासून टाकले नाही. संमिश्र भावना टांगून ठेवण्याचे हे एक पूर्ण विकसित तंत्र आहे आणि ते आपल्याला अवगत असताना आपण एका प्लॅस्टिकच्या झाडापुढे का घुटमळतो, हा प्रश्न इथे श्रोत्यांपैकी एकाने विचारायचा असतो. कोणीच न विचारल्यास सांगणाऱ्याने स्वतः विचारावा आणि केक कापावा.

केक खाताना डिसेंबर 1760 चा हिशेब मांडावा. 7 तारखेच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. दाणागोटा आटला. जनावरे मरत होती. तिकडे पैठणला 27 डिसेंबरला, म्हणजे नाताळानंतर दोनच दिवसांनी, नानासाहेब पेशव्यांनी दुसरे लग्न केले. उत्तरेतून पत्रे येत होती, मदत जायला हवी होती आणि पैठणला मंडप होता. एखाद्या समारंभात सहभागी होताना मनात काय चालले असेल याचा अंदाज घ्यायचा असेल तर त्या मंडपातल्या जाणत्या कारभाऱ्यांचा घ्यावा. सोसायटीच्या ख्रिसमस पार्टीत कोपऱ्यात उभे राहून समोसा खाणे त्यामानाने फारच सोपे.

निषिद्ध गोष्टी. 'आपण हरलोच नव्हतो' हे वाक्य स्तंभापासून निदान शंभर पावलांपर्यंत उच्चारू नये. आपण हरलो होतो. एका दिवसात इतकी माणसे गेली की महाराष्ट्रात घरटी सुतक होते. ते दुःख विजय म्हणून विकायला काढले की ना दुःख उरते ना विजय. तसेच 'त्यांचे' आणि 'आपले' यांची यादी इथे उघडू नये, कारण ती पहिल्याच ओळीला अडते. मराठ्यांचा तोफखाना चालवणारा इब्राहिमखान गारदी मुसलमान होता आणि फ्रेंच कवायतीत तयार झालेला होता. शत्रूच्या हाती सापडला आणि ठार मारला गेला. बाजीराव-मस्तानीचा मुलगा शमशेरबहादूर याच लढाईतल्या जखमांनी गेला. पळून आलेल्या जखमी, उपाशी मराठ्यांना सूरजमल जाटाने आसरा दिला, ज्याच्याशी भाऊंचे आधी बिनसले होते. या यादीत नाताळ कुठल्या रकान्यात घालणार? 2020 साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, वसईचे, आयुष्यभर मराठीत लिहिणारे. त्यांच्या निवडीवरही काहींना संमिश्र भावना झाल्या. त्या मात्र नीट ढवळलेल्या नव्हत्या, नुसत्या आंबट होत्या.

एवढ्यात मुलगी विचारेल, "बाबा, सांताक्लॉज असता तर कुणाच्या बाजूने लढला असता?" या प्रश्नाने गडबडू नये. हाच व्रताचा गाभा आहे.

उत्तर असे द्यावे की सांता होता. त्याचे नाव गोविंदपंत बुंदेले. वय साठीच्या पुढे, अंगाने चांगला जाड, घोड्यावर बसणे अवघड. काम एकच, डिसेंबरच्या थंडीत दुआबातून धान्य नि पैसा गोळा करून भाऊंच्या छावणीपर्यंत पोचवायचा आणि शत्रूची, म्हणजे अब्दालीची, रसद तोडायची. पानिपतावर हजारो माणसे त्याची वाट बघत होती. नाताळाच्या थोडेच आधी, आजच्या गाझियाबादच्या परिसरात, अफगाण घोडेस्वारांनी त्याला अचानक गाठले. पळता आले नाही. डोके कापून छावणीत पाठवले गेले. धान्य आले नाही. मुलीला शेवटची दोन वाक्ये वय पाहून सांगावीत. आजी ती वय न पाहता सांगेल.

गाझियाबादच्या बाजूला, इंदिरापुरम किंवा राजनगर एक्स्टेन्शनमध्ये राहणाऱ्यांवर म्हणून जास्तीची जबाबदारी येते. त्यांनी घरी परतल्यावर नाताळाच्या झाडाखाली भेटवस्तूंशेजारी शेर-दोन शेर गव्हाची पिशवी ठेवावी. शेजारच्या भाभीजींनी विचारल्यास 'हमारे यहाँ ऐसा ही होता है' म्हणावे. पहिल्या वर्षी हे खोटे असेल. तिसऱ्या वर्षी त्या स्वतःच्या झाडाखालीही पिशवी ठेवू लागतील आणि पाचव्या वर्षी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर गहू हवा की तांदूळ यावरून भांडण होईल. तेव्हा तटस्थ राहावे.

पिशवीचे तोंड घट्ट बांधावे, उंदीर येतात. 26 तारखेला सकाळीच दळायला टाकावी. उशीर केला तर चक्कीवाला संध्याकाळवर ढकलतो.