चिंतन शिबिर कपिलधारला घ्या!

राज्यातल्या विरोधी पक्षांना आमची एक फुकटची सूचना आहे. पुढचे चिंतन शिबिर थंड हवेच्या ठिकाणी न घेता बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला घ्यावे. मन्मथस्वामींची समाधी आहे, तेव्हा पुण्य पदरात पडेल. शिवाय धबधबा आहे. त्याखाली उभे राहून सरकारला हव्या तेवढ्या शिव्या घालाव्यात. बोलल्याचे समाधान मिळेल आणि कोणी ऐकल्याचा पुरावा ईडीलाही सापडायचा नाही. मुहूर्त मात्र पावसाळ्यातलाच धरा. धार बारीक झाली की आवाज उघडा पडतो.

जागा विचार करूनच सुचवली आहे. हा मुलूख मोगलाईतला. निजाम सरकारच्या ‘गश्ती निशान 53’मुळे सभेला आधी परवानगी काढावी लागे. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस तर स्थापन होण्याआधीच बेकायदा ठरली. बारशाआधीच तडीपारी! याच जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या शाळेत मास्तरकी केलेले स्वामी रामानंद तीर्थ तरीही सत्याग्रह करून तुरुंगात गेले. बंदी उठायला 1946 उजाडले. पुढे लातूरचे वकील कासीम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवायच्या गर्जना करू लागले, निजामाला गोव्याचे मुरगाव बंदर हवेसे झाले. बंदर मिळाले नाही, झेंडा दिल्लीला पोचला नाही आणि सप्टेंबर 1948मध्ये चार-पाच दिवसांत कारभारच आटोपला.

सांगायचे काय, तर विरोधक गप्प बसवायला निजामाला केवढी यातायात पडली! आता सरकारचे तेवढे कष्ट वाचले. 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक आले. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारे हे विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. ठामपणे विरोध केला तो डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी, एकट्याने. बाकीच्यांना लोकशाही धोक्यात असल्याचे मागाहून, कॅमेऱ्यासमोर आठवले. दुसऱ्या दिवशी परिषदेत सभात्यागही झाला. सभात्याग सोपा, त्याला परवानगी लागत नाही.

बरे, यांना नेता तरी आहे का? 288च्या सभागृहात विरोधी पक्षनेतेपदासाठी एका पक्षाचे 29 आमदार हवेत, असा संकेत सांगतात. ठाकरेंचे निवडून आले 20, काँग्रेसचे 16, शरद पवारांचे 10. त्या पदासाठी ठाकरेंच्याच भास्कर जाधवांचे नाव सुचवणारे पत्र मार्च 2025मध्ये अध्यक्षांकडे गेले. त्या वर्षीचे पावसाळी अधिवेशन संपले, तरी त्यावर निर्णय झाला नव्हता.