आत्ता की रात्री?

आमच्या घरचा संगणक फार सभ्य आहे. काहीही करण्याआधी विचारतो. 'अपडेट तयार आहे. आत्ता रीस्टार्ट करू, की रात्री?' सोयरीक जुळवणारे मध्यस्थ असंच विचारतात : पाहुणे आज आणू, की उद्या? 'नाही' हे उत्तर त्यांना नको असतं, म्हणून ते प्रश्नात ठेवतच नाहीत.

या यंत्रात 'कामाचे तास' अशी एक सोय आहे. तेवढ्या वेळात ते आपणहून रीस्टार्ट होत नाही. हे तास यंत्र घरी आलं तेव्हाच भरलेले होते : सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. ज्याने भरले त्याने आमचं वडनेर गाव पाहिलेलं नाही. इथे आठ ते पाच माणूस वावरात असतो. कपाशीची डवरणी, सोयाबीनवर फवारणी, मग हिंगणघाटला एखादी खेप. संगणकासमोर बसेपर्यंत रात्रीचे नऊ होतात आणि यंत्राच्या हिशेबी तोवर ऑफिस सुटलेलं असतं. तास बदलता येतात म्हणे. बदलले. आता ते भर दुपारी, लेकीचा ऑनलाइन क्लास ऐन रंगात आला की रीस्टार्ट होतं.

पुण्याला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याने यामागचं पंचांग समजावून सांगितलं. सॉफ्टवेअरच्या दुनियेत 2003 पासून महिन्याचा दुसरा मंगळवार दुरुस्त्यांसाठी राखून ठेवलेला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की माल बाहेर पडतो. तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे बुधवारी उजाडेपर्यंत आमच्या मोबाइलचा दिवसाचा दीड जीबी डेटा संपलेला, आणि अपडेट 'डाउनलोड होत आहे' असं सांगायला पुन्हा हजर. एकादशी तरी उपवास सोडायची वेळ सांगते.

खरी मजा झाली 31 जुलै 2023 ला. खरिपाचा पीक विमा त्या वर्षी एक रुपयात होता आणि शेवटचा दिवस म्हणून अर्ज भरायला अख्खा महाराष्ट्र बसला होता. दिवसभर पोर्टल काही उघडेना. रात्री अकराच्या सुमारास उघडलं. सातबारा जोडला, बँकेचं पासबुक जोडलं, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र जोडलं, तूर किती आणि कपाशी किती तेही भरलं. पुढचं बटण दाबणार तोच पडदा निळा झाला. 'अपडेट सुरू आहे. संगणक बंद करू नका.' तीस टक्क्यांवर ते जे बसलं ते बसलंच. आतून बायकोने विचारलं, "अजी, विमा निघाला काय?"

"अपडेट होऊन राहिलं."

"विम्याचं?"

एवढ्यात लाइन गेली. 'बंद करू नका' ही विनंती विजेपर्यंत पोचली नसावी. लाइन आली तेव्हा संगणकाने कळवलं, की अपडेट पूर्ण झालं नाही, बदल मागे घेत आहोत. जे झालंच नव्हतं ते मागे घ्यायला त्याने बारा वाजवले, शब्दशः. विम्याची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून निभावलं. सरकारची दिरंगाई यंत्राच्या तत्परतेपेक्षा कितीतरी माणुसकीची असते, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

भाच्याला हे पटत नाही. त्याने 'वॉनाक्राय'चा दाखला काढला. मे 2017 मध्ये या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडातल्या इस्पितळांपर्यंतचे संगणक कुलूपबंद केले. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, पण लोकांनी ती बसवली नव्हती. "नंतर बघू म्हणणारेच बुडाले, मामाजी." मी गप्प बसलो. 19 जुलै 2024 पर्यंत. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख संगणक आडवे झाले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. मी लगेच फोन लावला. भाच्याने तो उचलला नाही; बहुधा त्याचाही संगणक रीस्टार्ट होत होता.

आमच्या गावावरून नागपूर-हैदराबाद हायवे जातो. 2010 साली सरकारने त्याचा सातचा चव्वेचाळीस केला. तेही अपडेटच. पण त्यासाठी एकही ट्रक तीस टक्के रस्त्यावर थांबवला नाही, आणि जुनी माणसं अजून सात नंबरच म्हणतात, तरी कुणी त्यांना रीस्टार्ट करत नाही.

गेल्या दिवाळीपासून मात्र सूर बदलला आहे. संगणक आता सांगतो, की पुढच्या आवृत्तीसाठी तुमचं यंत्र पात्र नाही.

"इतके वर्षं मागं लागला होता, अन् आता नाही म्हणते काय?" बायको म्हणाली.

भाचा म्हणतो, नवा घ्या, पंचेचाळीस हजारांत येईल. 5328 रुपये हमीभावाने साडेआठ क्विंटल सोयाबीन झालं. हमीभाव मिळाला तर.

"अन् नव्यात अपडेट येत नाही काय?" बायकोने फोनमध्ये डोकावून विचारलं.

"येते ना मामीजी. डबा उघडला की पहिलं तेच येते."