आलोच, पाच मिनिटांत

एखादा नवखा शेतकरी जळकी मोटार घेऊन आमच्या गल्लीत येतो आणि विचारतो, “आबा मिस्तरी कुठं आहेत?” तेव्हा ओट्यावर खेळणारं पोरसुद्धा एकच उत्तर देतं, “इथंच होता.” हाच आबाचा कायमचा पत्ता. आधार कार्डावर छापायलाही हरकत नाही, पण कार्ड सापडायला हवं. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. सर्वांत जास्त वेळा हरवलेलं कार्डही याच जिल्ह्यातलं असावं असा माझा अंदाज आहे. आबाला त्या कार्डाच्या इतक्या प्रती काढाव्या लागल्या की त्यावरचा आपला फोटो दर वेळी थोडा म्हातारा दिसतो, असं त्याला वाटतं.

आबा माझा मावसभाऊ. वय ४३. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकानात शिरलात की आधी चहाचे कप मोजा. एक गल्ल्यावर, एक स्टार्टरच्या डब्यावर, एक वार्निशच्या डब्याशेजारी (हा कप उचलताना कप आणि डबा दोन्ही नीट हुंगून घ्यावेत). सगळे अर्धे. आबाने आयुष्यात एक चहा तळापर्यंत प्यायल्याचं कुणी पाहिलेलं नाही. टेस्टर शोधत असेल तर तो त्याच्या कानावर असतो. चष्मा शोधत असेल तर तो वहिनींना विचारतो, आणि वहिनी न बघता सांगतात, “फ्रीजमध्ये.” खरंच असतो. दुधाची पिशवी ठेवताना हातातलं सगळंच ठेवून आलेला असतो.

त्याचं आवडतं वाक्य म्हणजे “आलोच, पाच मिनिटांत.” यात खोटेपणा अजिबात नाही. म्हणताना त्याचा त्यावर पूर्ण विश्वास असतो. आबाच्या जगात वेळ दोनच प्रकारची: आत्ता, आणि आत्ता नाही. आत्ता नसलेली वेळ तोरणमाळच्या घाटापलीकडे कुठं तरी असते.

पण हाच माणूस वाइंडिंगला बसला की बघावा. जळकी तार उपटून काढतो, गेज मोजतो, स्लॉटमध्ये कागद सारतो आणि तांब्याची तार हातात घेऊन पुटपुटायला लागतो, “शेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस...” मग गल्ला उघडा राहो, फोन वाजो, वहिनी जेवायला दोनदा हाक मारून जावोत. एका वर्षी विसर्जनाला दुकानापुढून दादा गणपतीचा रथ गेला, ढोल गेले, गुलालात सगळी गल्ली न्हाली. तासाभराने आबा हात पुसत बाहेर आला, लाल जमिनीकडे बघितलं आणि मला विचारलं, “मिरची कुणाची सांडली?” नंदुरबारात हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही म्हणा. हिवाळ्यात इथल्या पथाऱ्यांवर एवढी मिरची वाळत असते की लाल जमीन बघून माणूस आधी शिंकतो.

त्या मोटारीचं बिल त्याने केलं नाही, हे ओघानं आलंच. त्याची वाइंडिंग कधी परत येत नाही आणि त्याचे पैसेही.

शिंगराची गोष्ट सांगायलाच हवी. दत्तजयंतीला सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार. एका पाळणेवाल्याचा जनरेटर बंद पडला म्हणून आबाला बोलावणं आलं. गेला, जनरेटर चालू केला, आणि रात्री पिकअपमध्ये एक अबलख शिंगरू घेऊन परतला. मजुरीचे पैसे आणि वर हातउसने. “डोळे बघ त्याचे,” एवढंच कारण. घरापुढे बुलेट लावायला जागा नाही, तिथं घोडा! ते शिंगरू अकरा दिवस माझ्या अंगणात होतं. माझ्या बायकोची तुळस, कढीपत्ता आणि एक ओढणी त्याने खाल्ली. बाराव्या दिवशी आबाच्या डोक्यात मत्स्यपालन शिरलं.

हे सगळं ‘आबा असाच आहे’ या खात्यात वर्षानुवर्षं जमा होत होतं. खातं बंद केलं त्याच्या पुण्याच्या भाचीने. तिने एक रील पाठवली आणि खाली लिहिलं, “मामा, हा तूच.” आबाने ती बघितली. मग तसलीच दुसरी. रात्री अकरा ते पहाटे तीन या वेळेत त्याने आपलं कशात लक्ष लागत नाही या विषयावरच्या रिली इतक्या एकाग्रतेने बघितल्या की वहिनींनी मध्ये एकदा उठून त्याच्या नाकाशी बोट धरून बघितलं.

सकाळी माझ्या दारात उभा. “मला एडीएचडी आहे.”

आत भाजी निवडत बसलेल्या मावशीला त्यातलं ‘एचडी’ तेवढं ऐकू आलं. पुढे सुरतेचं नाव निघालं तेव्हा ती म्हणाली, “त्यानासाठे सुरतले कसाले जाई ऱ्हायना तू? केबलवालाले सांग ना!”

आबाने मग मला व्याख्यान दिलं. लक्ष एका जागी ठरत नाही, किंवा अंगातली चळवळ थांबत नाही, किंवा दोन्ही. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरने १९०२ साली अशा मुलांवर भाषणं दिली होती. पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांना वाटायचं की हे पोरांचं दुखणं, मिसरूड फुटलं की जातं. आता म्हणतात, बऱ्याच जणांचं जात नाही, फक्त वर्गात पळणारा पोरगा मोठेपणी डोक्यातल्या डोक्यात पळतो. एवढं सगळं तो एका दमात आणि माझ्या घरात चार फेऱ्या मारत बोलला. पाचव्या फेरीत कॅलेंडर सरळ केलं आणि निघून गेला. चप्पल माझी घालून.

सुरतच का? आमच्याकडे सिव्हिल हॉस्पिटल आहे, २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. पण नंदुरबारात मानसोपचाराच्या रांगेत उभं राहिलं की पुढचा माणूस मागे वळतो आणि तो आपला व्याही निघतो. संध्याकाळपर्यंत भावकीत बातमी: आबाच्या डोक्यावर परिणाम झाला. पोरीचं लग्न व्हायचंय. तेव्हा खासगी डॉक्टर, तोही परराज्यातला. गुपित राखायचं तर राज्याची हद्द ओलांडावी, असा आबाचा हिशेब.

त्या हद्दीनेच घात केला. सुरतेच्या गाडीत पहिल्या खेपेला वहिनी आणि आबा. वाटेत नवापूर लागतं. या स्टेशनाच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते. एक बाक तर असा आहे की अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. गाडी थांबली, आबा म्हणाला, “आलोच, पाच मिनिटांत.” वहिनी म्हणाल्या, गाडी एवढी थांबत नाही. तोवर हा खाली. गाडी सुटली तेव्हा वहिनींना खिडकीतून शेवटचं जे दिसलं ते असं: आबा त्या बाकावर ओणवा होऊन विती टाकतोय. संध्याकाळी घरी परतल्यावर त्याने पहिली बातमी दिली, “महाराष्ट्राच्या वाट्याला चार बोटं कमी आलीत.”

अपॉइंटमेंट हुकली. नवी तारीख तीन आठवड्यांनी. दरम्यान भरून आणायला डॉक्टरांनी एक फॉर्म पाठवला. जागतिक आरोग्य संघटनेचा, १८ प्रश्नांचा. इथं मला त्या सगळ्या व्यवस्थेचं नवल वाटतं. ज्याला कागद सांभाळता येत नाहीत, तारीख लक्षात राहत नाही, रांगेत उभं राहवत नाही, त्याने ते सिद्ध करायला कागद सांभाळायचे, तारीख लक्षात ठेवायची आणि रांगेत बसायचं. पाय मोडलेल्याने पाय मोडल्याचा दाखला आणायला गडावर चढून जावं, तशातली गत. आबाने ११ प्रश्न भरले. बाराव्यावर असताना त्याला आठवलं की छताचा पंखा आवाज करतो. पंखा त्याने उतरवला. तो फॉर्म पुढे पंख्याच्या पात्याखाली सापडला आणि पंखा अजून उतरलेलाच आहे.

शिवाय डॉक्टरांची आणखी एक मागणी. हा त्रास मोठेपणी अचानक उगवत नाही, त्याच्या खुणा बाराव्या वर्षाआधी दिसायला हव्यात. तर शाळेचं काही आहे का? आणि लहानपणचं सांगणारं घरचं कुणी?

प्रगतिपुस्तक मावशीच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत निघालं, लग्नातल्या शालूच्या घडीत. दुसऱ्या खेपेला मी, वहिनी, मावशी असा फौजफाटा घेऊन आम्ही आबाला नेलं. नवापूरला मी त्याच्या उजवीकडे आणि वहिनी डावीकडे बसल्या होत्या.

डॉक्टर गुजराती. मला काळजी होती की मावशीचं बोलणं समजावून सांगायला मला मध्ये बसावं लागणार. काही लागलं नाही. ते म्हणाले ‘छे’, मावशी म्हणाली ‘शे’, आणि अहिराणी-गुजरातीची गाडी एकाच रुळावरून धावायला लागली. “डॉक्टरभाऊ, हाऊ जल्मपाईन असाच शे. त्याले साखर लेवाले धाडं, ते पतंग लई उना.” डॉक्टर लिहीत होते. मावशी पतंगावरून तिच्या भावाच्या लग्नावर गेली, तिथून एका हरवलेल्या म्हशीवर, मध्येच उठून खिडकीचा पडदा सारखा केला, टेबलावरच्या फायली रचून दिल्या, मग विचारलं, “मी काय सांगी ऱ्हायनी व्हतू?” डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मावशीकडे बघितलं, आबाकडे बघितलं, पुन्हा मावशीकडे. हे बहुतेक घराण्यात उतरतं, एवढंच ते हळू आवाजात म्हणाले. मावशी खूश झाली. तिला वाटलं, नाकाबद्दल बोलतायत.

मग त्यांनी प्रगतिपुस्तक उघडलं. मराठी त्यांना अक्षर लावून वाचता येत होतं. “हु-शार आ-हे, पण ल-क्ष देत नाही. जा-गेवर बसत नाही.” ही पहिली. पान उलटलं, दुसरी. हस्ताक्षर वेगळं, शाई वेगळी, शेरा तोच. तिसरी. चौथीला गुरुजींनी ‘फारच’ हा शब्द घातला होता. चार गुरुजी, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नसे, हे मला पक्कं आठवतं. आबा हसत होता. प्रत्येक शेऱ्याखाली पालकांच्या रकान्यात काकांची सही, टपालातल्या कारकुनाची असते तशी वळणदार.

“ह्या सहीच्या दिवशी मार असायचा,” आबा म्हणाला. हसतच म्हणाला, पण मग पुस्तक डॉक्टरांकडून घेतलं आणि मांडीवर ठेवून बसला. गुडघा हलत नव्हता. मी घड्याळ बघितलं नाही, पण पाच मिनिटं झाली असावीत. खरी पाच.

निदान झालं. गोळी लिहून दिली. त्या गोळीतलं औषध पानित्सॉन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदा बनवलं. बायकोचं लाडाचं नाव रीटा, म्हणून औषधाला नाव दिलं रिटालिन. परतीच्या गाडीत आबाने हे सांगितलं तेव्हा वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “माझ्या नावाची काढलीत तर झोपेची काढा. मला लागेल.”

हे औषध १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं. चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलवाला ठेवतही नाही. पहिल्या दुकानदाराने चिठ्ठी वाचून आबाकडे असं बघितलं की आबाने घाबरून त्याला सगळी कहाणी सांगितली, पहिलीतल्या शेऱ्यापासून. काउंटरवर तेव्हा सात-आठ गिऱ्हाइकं होती. तिथून चहाच्या टपरीवर सांगितली, तिथून सलूनमध्ये. ज्या गुपितासाठी आम्ही दोनदा राज्य ओलांडलं, ते संध्याकाळी साडेसहाला गल्लीत आमच्या आधी पोचलं होतं. पोरीच्या लग्नाचं म्हणाल, तर दोन दिवसांनी एक व्याही व्हायचा इच्छुक येऊन आबाला बाजूला घेऊन विचारून गेला: मला पण असंच होतं, डॉक्टरचा नंबर देता का? नंबर आबाला सापडला नाही.

फरक पडला का, असं लोक मला विचारतात. पडला. चहा आता पाऊण कप पितो. महिन्यात तीन बिलं केली, त्यातली दोन योग्य माणसाच्या नावावर. प्रगतिपुस्तक लॅमिनेट करून दुकानात लावायचं म्हणून दिलंय, पावती शोधणं चालू आहे. आणि गोळी घ्यायला तो विसरतो, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण गल्ली विसरत नाही. सकाळी आठला दूधवाला जाता जाता ओरडतो, मग समोरची आजी, मग शाळेला निघालेली पोरं एका सुरात, “आबा, गोयी खादी का?”

परवा शहाद्याकडचा एक पपईवाला मोटार घेऊन आला. बाग वाळत होती, घाई होती. आबाने पाना उचलला, तशी त्या शेतकऱ्यानेच त्याचा हात धरला. “पहिले गोयी खाय, मंग मन्ही मोटार खोल.”

“आलोच, पाच मिनिटांत,” म्हणत आबा घराकडे पळाला.

शेतकऱ्याने पायरी झटकली, मांडी घालून बसला आणि पिशवीतून भाकरी-ठेच्याचा डबा काढला. जुनं गिऱ्हाईक होतं.