मजुरी वेगळी

गॅरेजमध्ये शिकायला जायचं ठरवलं तेव्हा माझी अशी प्रामाणिक समजूत होती की गॅरेजलाच माझी गरज आहे. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवण्यात उमेदीची वर्षं गेलेली. टॉर्क, पास्कलचा नियम, ओटो सायकल, कार्नोचं इंजिन, सगळं तोंडपाठ. साताऱ्यात हायवेलगतचे मेस्त्री नुसत्या अंदाजाने नट पिळत बसलेत, त्यांना न्यूटन-मीटरची भाषा कोणीतरी शिकवायला हवी, आणि तो कोणीतरी म्हणजे चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला मी.

नोकरी का सोडली हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. कॉलेज विनाअनुदानित, पगार तासावर, आणि मे महिन्यात तास नाहीत म्हणून पगारही नाही. त्यात मुलं हजेरीपटावर आमची आणि बसायला क्लासवाल्यांकडे. मी रिकाम्या बाकांना डॉप्लर इफेक्ट शिकवत असे. बाकं जागची हलत नसल्यामुळे तोही नीट शिकवता येत नसे.

घरी ही बातमी फोडण्याआधी मी पुरावे जमवले. चार स्ट्रोकचं इंजिन 1876 साली चालवून दाखवणारा निकोलाउस ओटो हा आधी गावोगाव चहा-साखर विकत फिरणारा विक्रेता होता. 1888 मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेणारा डनलॉप बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर होता. तात्पर्य, मोटारीची विद्या धंदा बदललेल्या माणसांनीच पुढे नेलेली आहे. ओटो, डनलॉप आणि... इथे मी विनयाने थांबलो. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो साखर विकायचा ना? मग येताना अर्धा किलो घेऊन या."

गॅरेजच्या उस्तादांनी मला पहिल्यापासून 'सर' म्हटलं. बाकीच्या पोरांना ते मनापासून शिव्या देतात. मला मात्र, "सर, एवढं झाडून घ्या." "सर, गाडीखाली लावायला घोडी आणा. ती नव्हे, ती शिडी आहे." "सर, हात काढा तिथनं, बोट जाईल." इतक्या आदराने कोणी माझा इतका पाणउतारा केला नव्हता. आयटीआय करून आलेला पोरगा माझा सीनियर. मी बारा-तेराचा पाना मागितल्यावर चौदा-पंधराचा आणून देणारा माणूस आहे हे त्याने लगेच ओळखलं, तरी तोही सर म्हणायचा. शिवी मिळण्याइतकी आपली लायकी कधी होणार, या चिंतेत मी दुपारचा डबा खायचो.

माझ्या विद्वत्तेला पहिली संधी मिळाली ती एका गंजलेल्या व्हील नटमुळे. सीनियर पोरगा पान्यावर उभा राहिला तरी नट ढिम्म. मी खडू घेतला. फरशीवर पाना काढला, बाण काढला, टॉर्क म्हणजे बल गुणिले लंबांतर, म्हणून बल तेवढंच ठेवून अंतर वाढवलं तर काय होईल, असा प्रश्नही वर्गाला विचारला. उस्तादांनी शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या नोकरीत हे कोणी केलं नव्हतं. मग म्हणाले, "बरोबर आहे, सर. त्यालाच आम्ही पाइप म्हणतो." कोपऱ्यातला दोन हाती पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला, जरासा दाब दिला, आणि नट कट्कन सुटला.

आता थोडं विषयांतर. खरं म्हणजे लेख मी यासाठीच लिहायला घेतला.

गाडीवाला गॅरेजमध्ये गाडी आणतो ही चुकीची कल्पना आहे. तो आवाज आणतो. आणि तो आवाज त्याला स्वतःच्या तोंडाने काढून दाखवावा लागतो. हळदीला ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही असे निवृत्त मामलेदार उस्तादांसमोर उभे राहतात, इकडेतिकडे पाहतात, चष्मा सारखा करतात आणि म्हणतात, "कुईंऽऽऽ." उस्ताद गंभीरपणे विचारतात, "सकाळी सुरू करतानाच का दिवसभर?" "सकाळीच." फॅन बेल्ट. मामलेदार घाम पुसतात.

पुढे मलाही हे येऊ लागलं, आणि मी घरी न्हाणीघरात सराव करू लागलो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटकटक, तर सीव्ही जॉइंट. वेग वाढेल तशी वाढत जाणारी गूंऽऽ असेल तर व्हील बेअरिंग. स्पीडब्रेकरवर धडक्, तर लिंक रॉड किंवा बुश. ब्रेक दाबल्यावर किर्र्र असेल तर पॅड संपत आलेत, आणि हा आवाज बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच ठेवलेला असतो. पॅड झिजला की छोटी पत्र्याची पट्टी डिस्कला घासून बोंब मारते. ध्वनीचं प्रकरण मी वर्षानुवर्षं शिकवलं, कंप्रता-आयाम फळ्यावर काढले, पण असलं जिवंत प्रात्यक्षिक प्रयोगशाळेतसुद्धा पाहिलं नव्हतं.

जोडपं आलं की बहार. तो म्हणतो, "खट्-खट् येतं." ती म्हणते, "काहीतरीच. कट्-कट् येतं." "अगं, मी चालवतो ना?" "म्हणूनच ऐकू येत नाही." उस्ताद मध्ये पडत नाहीत. दोघांना गाडीत बसवून चक्कर मारून आणतात, आणि बहुधा मागच्या सीटखाली घरंगळणारी स्टीलची बाटली काढून हातात देतात. पुण्याहून येणाऱ्या एका गृहस्थांनी तर अख्खा खंबाटकी घाट सादर केला. दुसरा गिअर, चढ, पुढे उसाचा ट्रॅक्टर, एसी चालू, सगळं अभिनयासह. मग कपाळावरची शीर फुगवून "घर्र-खळ्, घर्र-खळ्". गॅरेजमधली पोरं कामं टाकून बघायला आली. उस्ताद फक्त म्हणाले, "एसी बंद केल्यावर?" गृहस्थ चपापले. म्हणाले, "मग येत नाही." कॉम्प्रेसर.

सगळ्यात करुण अवस्था त्यांची, ज्यांचा आवाज गॅरेजच्या दारात येताच बंद पडतो. "आत्तापर्यंत येत होता हो! आईशप्पथ!" ते बॉनेटवर थाप मारतात, गाडीला चुचकारतात, एकाने तर तिला "कर ना" म्हणून विनवलेलं मी ऐकलं आहे.

असो. महाबळेश्वरहून केळघर घाट उतरून एक मोठी गाडी आली. धूर ब्रेकचा, वास सगळ्या रस्त्याला. मालक शेवटपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून उतरले होते. खालचा गिअर टाकला असता तर इंजिनानेच गाडी धरली असती. तसं न झाल्यामुळे डोंगराएवढी स्थितिज ऊर्जा चार चाकांत उष्णता होऊन बसली, ब्रेक ऑईल उकळलं आणि पेडल थेट फरशीला टेकलं. उस्तादांनी चाकं निवू दिली, जळालेले पॅड बदलले, ऑईल नवं भरलं. मग हवा काढायची. मी सीटवर, उस्ताद खाली. सुरुवात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून. खालून हुकूम यायला लागले. "मार. मार. मार. धर! सोडू नको!"

सोडू नको. सर नाही, नका नाही. मी हरखून पेडल धरून ठेवलं.

आणि हळूहळू ते पेडल घट्ट होत गेलं. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही, म्हणून दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे मी दरवर्षी दोन दट्ट्यांची आकृती काढून सांगत होतो. एकोणचाळिसाव्या वर्षी गेलेला पास्कल मला भेटला तो चपलेच्या तळव्यातून. डोळ्यांत पाणी आलं. ब्रेक ऑईलचा वास उग्र असतो, असं मी पोराला सांगितलं.

मग बिल. पॅडच्या खोक्यावर किंमत छापलेली, ऑईलच्या डब्यावर छापलेली, त्याबद्दल मालकांची तक्रार नव्हती. खाली उस्तादांनी लिहिलं होतं, मजुरी वेगळी, आठशे. "आठशे? कसले? तासाभराचं तर काम!" उस्ताद काही बोलले नाहीत. कागद घेतला, आठशेवर रेघ मारली. हे ते नेहमी करतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगणारा हा माणूस, ज्यावर किंमत छापलेली नाही अशा स्वतःच्या कामावर रेघ मारतो. मला आमच्या संस्थेच्या कार्यालयातलं ते वाक्य आठवलं, "सर, तास पंचेचाळीस मिनिटांचाच असतो ना?" तिथे मी गप्प बसलो होतो.

"आठशेच होतील," मी म्हणालो. पुढे दोन-तीन वाक्यं वर्गातल्या आवाजात, वर्गातल्या मराठीत. द्रवाचा उत्कलनबिंदू आला, आज संध्याकाळी ही गाडी कुठल्या दरीत असती तेही आलं. मालकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही शिकलेले दिसता," म्हणाले, आणि आठशे दिले.

संध्याकाळपर्यंत मी तरंगत होतो. रात्री मात्र झोप लागेना. आकडा तोच होता. काम तर माझं नव्हतंच, मी फक्त पेडल दाबलं होतं. उस्तादांनी मागितले तेव्हा ते जास्त होते, आणि 'उत्कलनबिंदू' म्हणणाऱ्या माणसाने मागितले तेव्हा वाजवी झाले. त्या गृहस्थांचा मला राग आला, त्यांना खूश करणाऱ्या माझ्या आवाजाचाही आला, आणि त्या आवाजाचा मला झालेला आनंद तर अजून पुरता गेलेला नाही.

उस्तादांना असली झोपमोड परवडत नाही. सकाळी म्हणाले, "सर, इथनं पुढं बिल तुम्हीच सांगत जावा." त्याच आठवड्यात त्यांनी मजुरीचे दर शंभराने वाढवले. म्हणजे एमएस्सीचा मोटारधंद्यात अखेर उपयोग झाला. मी कॅलेंडरच्या खाली, पंख्याच्या वाऱ्यात उभा राहून शुद्ध मराठीत आकडे सांगतो, उस्ताद मागे चिंध्यांना हात पुसत उभे राहतात, आणि घासाघीस करायला आलेली माणसं "बरं, बरं" म्हणत खिशात हात घालतात.

परवा तोच आवाज लावून मी उस्तादांकडे माझ्या पगाराचा विषय काढला. वाढलेलं उत्पन्न, त्यातला माझा वाटा, दोन उदाहरणं, एक आलेख. त्यांनी नेहमीसारखं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरोबर आहे, सर," म्हणाले. "पण तुम्ही अजून शिकताय. ती घोडी लावा आधी."